दे, मी ठेवतो

पाहुणे जायला निघाले की आमच्या घरात एक एकांकिका होते. माझ्या आजीच्या वेळेपासून ती चालत आली आहे. पात्रं बदलली, पण संवादांत काना-मात्रेचा फरक पडलेला नाही. पाहुण्यांचा एक पाय चपलेत गेलेला असतो, दुसरा चप्पल शोधत असतो, आणि एवढ्यात काहीतरी आठवल्यासारखं करून ते खिशात हात घालतात. वास्तविक त्यांना काही आठवलेलं नसतं. चहा पितापिताच त्यांनी नोटेची घडी करून ती वरच्या खिशात आणून ठेवलेली असते.

"ये रे इकडं," ते आमच्या धाकट्याला म्हणतात.

"अहो, नको नको, कशाला उगीच?" आमची ही.

"असू दे हो, खाऊला."

"नको हो, सवय लागते."

तोपर्यंत धाकट्याचा हात निम्म्या वाटेवर जाऊन थांबलेला असतो आणि डोळे आईच्या डोळ्यांकडं लागलेले असतात. तोंडानं 'नको' म्हणणाऱ्या आईच्या डोळ्यांत 'घे' असतं, हे आमची मुलं पाळण्यातच शिकून आली आहेत. मग नोट मुठीत, डोकं पाहुण्यांच्या पायांवर, आणि पडदा.

कधीकधी पडदा पडायच्या आत धाकटा पदरचं वाक्य घालतो. एकदा कराडचे मामा वीस रुपये देऊन जिन्याच्या चार पायऱ्या उतरले होते, तेवढ्यात हा कठड्यावरून ओरडला, "मामा, मागच्या वेळी पन्नास होते!" मामा बिचारे परत वर आले आणि तीस रुपये भरून गेले. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (असल्या प्रसंगी मुलगा फक्त माझा असतो. वर्गात नंबर आला की तो तिच्या माहेरच्या वळणावर जातो.)

पाहुणे कोपऱ्यावरून दिसेनासे झाले की दुसरा अंक. तो फार छोटा आहे. त्यात तीनच शब्द आहेत. "दे, मी ठेवते." ह्या तीन शब्दांत महाराष्ट्रातल्या मुलांचा जेवढा पैसा बुडाला आहे, तेवढा एखाद्या चिटफंडातसुद्धा बुडाला नसेल.

माझाही बुडाला आहे. १९८७-८८ च्या सुमाराची गोष्ट. आई 'दे, मी ठेवते' म्हणून घेतलेले पैसे तूरडाळीच्या डब्यात टाकायची. ते आत जाताना मी स्वतः पाहिले आहेत. बाहेर येताना कुणी पाहिलेले नाहीत. पुढं बी. कॉम. होऊन बँकेत चिकटल्यावर मला ठेवीदाराच्या हक्कांची जाणीव झाली आणि मी आईला हिशेब विचारला.

"हिशेब?" आई म्हणाली. "तू चाराणे गिळलेस, तेव्हा डॉक्टरांनी केळी खायला घाला म्हणून सांगितलं. दोन दिवसांत तीन डझन केळी खाल्लीस. ती काय तुझ्या अप्पांनी परसात लावली होती?"

ते चाराणे मात्र तिसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत मिळाले. माझ्या बालपणातली पूर्ण परतफेड झालेली ती एकमेव ठेव. त्या नाण्याचं पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी घरात कोथिंबिरीची जुडी आली होती, एवढंच आठवतं. २०११ च्या जूनअखेर सरकारनं चाराण्याचं नाणं चलनातून बाद केलं, तेव्हा अख्ख्या साताऱ्यात मला एकट्यालाच हायसं वाटलं असेल.

तेव्हाच मी ठरवलं होतं की, आपल्या मुलांचं असं होऊ द्यायचं नाही. एवीतेवी दिवसभर आपण लोकांचे पैसे सांभाळतोच, घरी गेल्यावर दोन खाती आणखी. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, त्याला कडी-कुलूप केलं आणि किल्ली देवघरात गणपतीच्या पाठीमागं ठेवली. दोन चाळीस पानी वह्या म्हणजे पासबुकं. अर्धा बटाटा कोरून त्याचा शिक्का. बँकेच्या नावावरून थोरलीचं आणि धाकट्याचं इतकं भांडण झालं की बँक बिननावाचीच राहिली. मी जाहीर केलं की, महिन्याला शेकडा एक टक्का व्याज मिळेल. थोरलीनं लगेच बोटं मोजून दाखवून दिलं की, दहा रुपयांवर महिन्याला दहा पैसे होतात आणि दहा पैशांचं नाणं तर आता मिळत नाही. शेवटी व्याज म्हणून प्रत्येकाला महिन्याला एक लिमलेटची गोळी, असं ठरलं. अकाउंटन्सीत मला कधीच फार गुण नव्हते.

"आपल्या बँकेला विमा आहे का?" थोरलीनं विचारलं. खऱ्या बँकेत २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, हे मीच तिला एकदा कौतुकानं सांगितलं होतं.

"आपल्याकडं आजी आहे," मी म्हणालो.

"मी नाही बाई कशात!" आईनं स्वयंपाकघरातून हात झटकले.

एका रविवारी धाकट्यानं खुर्चीवर बसून बँक चालवायला घेतली. मी खातेदार. समोर जाऊन उभा राहिलो, तर म्हणाला, "लंच टाइम." पंधरा मिनिटांनी गेलो. "सर्व्हर डाऊन." तासाभरानं गेलो, तर वर न बघता म्हणाला, "उद्या या." हे कोण शिकवतं रे तुला, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच फोनवर सांगता ना काकांना." ते काका म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं खातं आमच्या शाखेत आहे.

एकदा पाहुण्यांनी वीसची एकच नोट काढली आणि "दोघं वाटून घ्या" म्हणून निघून गेले. पाच मिनिटांनी आतून फर्र असा आवाज आला. धाकट्यानं सांगितल्याप्रमाणे वाटून घेतली होती. आता फाटकी नोट म्हणजे माझ्या हातचा धंदा. २००९ च्या नोट परताव्याच्या नियमांप्रमाणे पन्नासपेक्षा कमी किमतीची नोट असेल, तर ज्याच्याकडचा अखंड तुकडा निम्म्याहून मोठा, त्याला पूर्ण किंमत. दुसऱ्याला काही नाही. विद्वत्ता दाखवायची म्हणून हे मी बोलून गेलो मात्र, थोरली कंपासपेटीतली पट्टी घेऊन आली. धाकट्याचा तुकडा चार मिलिमीटरनं मोठा निघाला. त्या चार मिलिमीटरवरून रडारड झाली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली. अखेर दोन्ही तुकडे मी माझ्या खिशात घातले आणि दोघांनाही वीस-वीस दिले. अशानं बँका चालत नाहीत.

पण आता जे सांगायचं आहे, ते दहाच्या एका नोटेबद्दल.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशातलं तांबडं पेन निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका आली की मुहूर्त बघायच्या आधी ते शुद्धलेखन बघत. एका पत्रिकेत 'आशीर्वाद'चा 'शी' ऱ्हस्व होता, तर त्यांनी दुरुस्त करून ती पत्रिका आहेराच्या पाकिटातून परत केली होती. धाकटा पहिलीत गेला तसं त्यांनी रोज संध्याकाळी त्याला दहा शब्द घालायला सुरुवात केली. दहापैकी दहा बरोबर आले तर दहा रुपये. धाकट्याच्या वेलांट्यांच्या कृपेनं अप्पांचे पैसे अगदी सुरक्षित होते. सात यायचे, आठ यायचे, एकदा नऊ आले. आणि एका संध्याकाळी दहा आले.

अप्पांनी पाटी दोनदा तपासली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासली. मग खिशातून नोट काढली. २०१८ साली निघालेली ती चॉकलेटी रंगाची, मागं कोणार्कचं चाक असलेली नोट. ती उलटी करून त्यांनी पंधरा भाषांच्या पट्ट्यातली आठवी ओळ धाकट्याकडून वाचून घेतली, "दहा रुपये". आणि पुढच्या बाजूच्या कोऱ्या जागेत तांबड्या पेनानं बरोबरची खूण केली.

"अप्पा, नोटेवर लिहायचं नसतं," मी म्हणालो. "रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं सांगतेय."

"मग ही आता चालत नाही?"

"चालते, पण..."

"मग झालं तर." ते धाकट्याकडं वळले. "हे पैसे नाहीत रे. हा तुझा निकाल आहे. सांभाळ."

धाकटा ती नोट दोन दिवस उशाखाली घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी चादरी धुवायला निघाल्या, तेव्हा मी म्हणालो, "दे, मी ठेवतो." पासबुकात दहाची नोंद केली. बटाट्याचा शिक्का मारला.

त्याच फाल्गुनात अप्पा गेले. संध्याकाळचे दहा शब्द थांबले. दिवस कसेही जातात, तसे गेले.

आता बँकेचं दिवाळं कसं निघालं ते सांगतो. २०१६ साली यूपीआय आलं आणि बघता बघता आमच्या घरातल्या नोटाच नाहीशा झाल्या. दिवसभर मी लाखांनी नोटा मोजतो, पण घरी येताना खिशात फोन आणि रुमाल. दूधवाला फोनवर, वाणी फोनवर, शाळेची फीसुद्धा फोनवर. पण रिक्षावाल्याचा फोन नेमका बंद असतो, मंडईतल्या म्हातारीला ठिपक्या-ठिपक्यांचा तो चौकोन नको असतो, आणि आरतीच्या ताटात मोबाईल टाकता येत नाही. पाहुणे मात्र खाऊचे पैसे अजून रोखच देतात. त्यामुळं आमच्या घरात रोकड अशी एकाच ठिकाणी उरली होती, त्या पत्र्याच्या डब्यात. आणि किल्ली कुठं आहे ते गणपतीला आणि आम्हा तिघा मोठ्यांना ठाऊक होतं.

चोरी कुणीच केली नाही, हे मी आधीच सांगतो. सगळा व्यवहार कागदोपत्री होता. नोट काढली की त्या जागी चिठ्ठी. 'इस्त्रीवाला, ६०, उद्या टाकतो.' 'हळदीकुंकवाची फुलं, १००.' 'देवळात, १०, आजी.' खऱ्या बँकाही ठेवीदारांचे पैसे कर्जाऊ देतातच की! फरक एवढाच की, तिथं ते परत आले नाहीत तर कुणीतरी विचारतं.

२०२५ ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. दोघांनी अंगणात किल्ला केला होता. आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळं दरवर्षी अजिंक्यताराच असतो. बुरूज झाले, अळीव पेरून झाले, आता मावळे आणायचे होते. दोघं पासबुकं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. थोरलीचे आठशे साठ, धाकट्याचे चारशे पंच्याऐंशी.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा आमच्या शटरपासून रस्त्यापर्यंत गेलेली रांग मी पाहिली आहे. तेव्हा घाबरलो नव्हतो, कारण पैसे माझ्याकडचे नव्हते. ह्या दोघांच्या रांगेनं मात्र मला घाम फुटला. लंच टाइम म्हणावं, तर ती युक्ती त्यांना पाठ. मी म्हणालो, "चला, मी दुकानात फोनवरून देतो."

"आम्हाला आमचे पैसे द्यायचेत," थोरली म्हणाली.

आणि धाकटा म्हणाला, "माझे सगळे नको. अप्पांची नोट सोडून बाकीचे."

डबा उघडला. पासष्ट रुपयांची चिल्लर आणि चिठ्ठ्या. थोरलीनं चिठ्ठ्या जमिनीवर ओळीनं लावल्या आणि कर्जदारांची यादी वाचून दाखवली. बाबा चारशे दहा, आई सहाशे सत्तर, आजी दोनशे. कर्ज सगळ्यात जास्त कुणाचं हे कळताच हिला एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली. आई जपाला बसली. काउंटरवर मी एकटा राहिलो.

धाकटा चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करत होता. त्याला त्याची नोट सापडेना. मग माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी त्यानं उचलली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली. 'कोथींबीर, १०. बाबा.'

ती चिठ्ठी मला आठवली. मंडईतली म्हातारी, सकाळची गडबड, आणि डब्यात वरच असलेली एक दहाची नोट. खूण दिसली नसेल का? दिसली असेल. पण मी कॅशियर. माझ्या डोळ्यांना वीस वर्षांत नोटेची किंमत तेवढी दिसते.

तो रडला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो चिठ्ठीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, कोथिंबिरीतला 'थि' ऱ्हस्व असतो." मग थोडं थांबून, "अप्पांनी काट मारली असती." चिठ्ठी त्यानं पुन्हा डब्यात ठेवली आणि किल्ल्यावर पाणी मारायला निघून गेला.

मी तसाच उठून एटीएमवर गेलो. पाचशेच्या नोटा आल्या, त्या चार दुकानांत मोडल्या आणि सगळ्यांची कर्जं, हिचं आणि आईचंसुद्धा, व्याजाच्या गोळ्यांसकट फेडली. मावळे आले, तोफा आल्या, महाराज सिंहासनावर बसले. पण धाकट्यानं पासबुकात सगळे पैसे मिळाल्याची सही केली नाही. चारशे पंच्याहत्तरवर सही केली. बाकी १०.

रात्री ही म्हणाली, "अहो, एवढं काय? दुसऱ्या नोटेवर तशीच खूण करून द्या की."

मी खोट्या नोटा ओळखणारा माणूस. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी एक जुनीशी दहाची नोट निवडली, अप्पांचं तांबडं पेन शोधून तळहातांत घोळवून चालू केलं आणि टेबलावरच्या दिव्याखाली खूण केली. हात थरथरत होता. आजवर जे गिऱ्हाईक खोटी नोट घेऊन काउंटरवर आलं असेल, त्याच्याबद्दल मला पहिल्यांदाच थोडी सहानुभूती वाटली.

सकाळी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "अरे, हे बघ काय सापडलं! वहीत अडकली होती."

धाकट्यानं नोट घेतली. मीच शिकवल्याप्रमाणे उजेडाकडं धरली. मग परत माझ्या हातात दिली.

"खोटी आहे."

"कशावरून?"

"अप्पांची खूण पळत वर जाते. ही घाबरत घाबरत गेलीय."

थोरलीनं लगेच कायदा काढला. "बाबा, खोटी नोट दिली की पोलीस येतात ना?" एका वेळी चारपर्यंत सापडल्या तर बँक त्या जप्त करून महिन्याच्या अहवालात कळवते, पाच किंवा जास्त झाल्या तर थेट गुन्हा नोंदवतात, हा नियम मी मुकाट्यानं सांगितला. "मग एकच आहे म्हणून वाचलात," ती म्हणाली. तोपर्यंत धाकटा फ्रीजमधून नवा बटाटा घेऊन आला होता. नोट जप्त झाली आणि मला रीतसर पावती मिळाली.

दिवाळीनंतर थोरलीला दहावं पूर्ण झालं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं उघडून स्वतः चालवता येईल, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या एप्रिलात जाहीर केलं होतं. ही बातमी तिनं कापून ठेवली होती. तिनं माझ्याच शाखेत खातं काढलं. सही करताना जीभ बाहेर काढून म्हणाली, "बाबा, तुमच्यावर राग नाहीये. पण नियम असलेल्या ठिकाणी बरं असतं."

धाकटा मात्र अजून माझ्याकडंच आहे. डब्याची किल्ली आता त्याच्याकडं असते. हल्ली पाहुण्यांनी दिलेली नोट तो स्वतः आत टाकतो आणि पासबुक तेवढं माझ्यापुढं धरतो. पहिले काही दिवस मी घरी आलो की विचारायचा, "आज मिळाली?" मग एक दिवसाआड विचारायला लागला. आता विचारत नाही. पासबुकातली दहाची बाकी मात्र तो दर महिन्याला पुढच्या पानावर ओढतो.

आणि मी काउंटरवर बसतो. इतर नोटा मशीनमध्ये घालतो, ते फर्रकन मोजून देतं. दहाच्या गड्ड्या मात्र मी हातानं मोजतो. एकेक नोट पुढच्या बाजूनं बघतो. मॅनेजरसाहेबांनी एकदा विचारलं, "मशीनवर विश्वास नाही का?" रांगेतले लोक कुरकुरतात. परवा मंडईतला एक भाजीवाला दहाच्या चार गड्ड्या घेऊन आला होता. माझं चाललेलं बघून त्याचा चेहरा उतरला. जाळीतून वाकून हळूच म्हणाला, "का हो साहेब, खोटी आली का एखादी?"

"नाही हो," मी म्हणालो. "खरी शोधतोय."